चित्रातले ऊन कोणत्या गावाचे?

पूर्वी आपल्याकडे घर बांधायला काढले की मिस्त्री रिकाम्या जागेवर फक्कीने आखणी करून दाखवायचा. ही ओसरी, हे माजघर, इथे देवघर. मालक त्या पांढऱ्या रेघांमध्ये उभा राहून घर मनात बघायचा. आता परभणीसारख्या गावातही घर मनात बघावे लागत नाही. पाया खोदण्याआधीच बंगल्याचे रंगीत चित्र मालकाच्या मोबाइलवर आलेले असते. त्यात गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, फाटकावरचे दिवे दिसतात, दारात उभी केलेली गाडीसुद्धा दिसते. लोक त्याला 'थ्रीडी' म्हणतात. 'नकाशा झाला, आता तेवढा थ्रीडी काढून द्या,' हे वाक्य आमच्या कार्यालयात रोज ऐकू येते. धंद्याच्या भाषेत या कामाला रेंडरिंग असे नाव आहे.

गेली अठरा वर्षे मी परभणीत हेच काम करतो आहे. आमचे कार्यालय चार माणसांचे. घर बांधणारे वेगळे, नकाशा काढणारे वेगळे. आम्ही फक्त न बांधलेल्या घराचे चित्र काढून देतो. आज मला सांगायचे आहे ते ही चित्रे काढताना आम्ही स्वतःच्या हाताने घडवलेल्या लहानसहान अवजारांविषयी. ही अवजारे म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांचे छोटे छोटे संच. ती बाजारात मिळत नाहीत आणि आम्हीही ती विकत नाही. मोठमोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर मिळत असताना चार माणसांनी हा खटाटोप कशाला करावा, असे मला अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी चित्र तयार कसे होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

किरणांचा उलटा प्रवास

सूर्याचा किरण भिंतीवर पडतो, तिथून उडून आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपल्याला भिंत दिसते. संगणक हाच प्रवास उलट्या दिशेने करतो. तो डोळ्याच्या जागेपासून एक रेघ बाहेर सोडतो. ती रेघ कशाला जाऊन धडकते, तिथे ऊन आहे की सावली, तो पृष्ठभाग गुळगुळीत फरशीचा आहे की खरबरीत विटेचा, याचा हिशेब करतो आणि त्यावरून चित्रातल्या एका ठिपक्याचा रंग ठरवतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली या पद्धतीवर एक गाजलेला निबंध लिहिला. पुढे १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या सगळ्या उड्या एकाच समीकरणात बसवल्या. आजची बहुतेक रेंडरिंग सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत.

आता हिशेब करून पाहा. चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार ठिपके उंच असे चित्र घेतले तर एकूण ठिपके होतात १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्यासाठी पाचशे रेघा सोडल्या तर ६०० कोटी रेघा झाल्या. त्यातली प्रत्येक रेघ आणखी चार-सहा वेळा उडणार. म्हणून एका चित्रासाठी संगणक तास तास गुंतून पडतो. एखाद्या संकुलाचा मिनिटभराचा चालता देखावा हवा असेल तर सेकंदाला २५ प्रमाणे १५०० चित्रे लागतात. एका चित्राला दहा मिनिटे धरली तरी २५० तास, म्हणजे दहा दिवसांहून अधिक काळ एक संगणक अखंड चालला पाहिजे.

हे गणित करणारी सॉफ्टवेअर आम्ही केलेली नाहीत. ती आमच्या आवाक्यातलीही नाहीत. थ्रीडीएस मॅक्स, स्केचअप, ब्लेंडर अशी नावे आपण ऐकली असतील. तिथेच आमच्या अवजारांची सुरुवात होते, कारण या प्रत्येक सॉफ्टवेअरला एक मागचे दार ठेवलेले असते. त्या दारातून आपण आपल्या सूचना आत पाठवू शकतो. ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प नावाची भाषा आहे. थ्रीडीएस मॅक्समध्ये १९९७ पासून मॅक्सस्क्रिप्ट आहे. ब्लेंडर तर २००२ सालापासून सर्वांना फुकट आणि खुले आहे. त्याच्याशी पायथन या भाषेत बोलता येते. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेला मुलगा चिकाटीने बसला तर दोन-तीन महिन्यांत यांपैकी एका भाषेत कामापुरते लिहू लागतो. आमच्याकडचा मुलगा असाच शिकला.

शेतकऱ्याला ही गोष्ट पटकन समजते. बियाणे कृषी विद्यापीठाचे असते, पण तिफण पूर्वी गावच्या सुताराकडून करून घेत. दोन फणांत किती अंतर ठेवायचे, हे आपल्या शेताची जमीन आणि पेरायचे पीक पाहून ठरे. मोठे सॉफ्टवेअर हे बियाणे आहे. आम्ही करतो ती तिफण.

सॅन फ्रान्सिस्कोचा सूर्य

आमचे पहिले मोठे अवजार एका आजींच्या प्रश्नातून आले. मुलाने बांधायला घेतलेल्या घराचे चित्र त्या बघत होत्या. सगळे पाहून झाल्यावर म्हणाल्या, "चित्रात ऊन लई झ्याक पडलंय बाबा. पण हे ऊन कोणच्या महिन्याचं?"

प्रश्न साधा होता आणि अतिशय नेमका होता. चित्रकलेत ऊन खुलून दिसेल तिकडून टाकतात. पण घर हे राहण्यासाठी असते. वैशाखात दुपारी चारला हॉलमध्ये ऊन येणार की नाही, यावर त्या घरातले पुढचे तीस उन्हाळे अवलंबून असतात.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्य असतो. पण तो कुठला असतो, ते बघण्यासारखे आहे. थ्रीडीएस मॅक्समध्ये सूर्याची सोय उघडली आणि गाव बदलले नाही, तर तो सूर्य अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा असतो. स्केचअपमध्ये तो कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या गावचा असतो. ती सॉफ्टवेअर तिकडची, म्हणून त्यांच्या घरचा सूर्य. गाव बदलण्याची सोय अर्थातच आहे, पण घाईच्या कामात ती बदलायची राहते आणि जिंतूर रस्त्यावरच्या बंगल्यावर परदेशातले ऊन पडते.

त्याने काय बिघडते? सॅन फ्रान्सिस्को साधारण ३७ अंश ४७ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. परभणी आहे १९ अंश १६ मिनिटांवर. डिसेंबरच्या २१ तारखेला भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून अवघा २९ अंश वर असतो, आपल्याकडे तो ४७ अंश वर असतो. दहा मीटर उंचीच्या इमारतीची सावली त्या वेळी तिथे १८ मीटर पडते, तर परभणीत नऊ मीटरच्या आसपास. म्हणजे शेजारच्या इमारतीची सावली आपल्या अंगणात येईल की नाही, याचे उत्तरच पार बदलून जाते.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत माध्यान्हीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. आपल्याकडे तसे नाही. शून्य सावली दिवसाच्या बातम्या आपण दरवर्षी वाचता. परभणीत हा दिवस मे महिन्याच्या १७ तारखेच्या सुमारास येतो आणि पुन्हा जुलैच्या २६-२७ तारखेला. गंगाखेडला मे महिन्यात तो एखादा दिवस आधी येतो, जिंतूरला एक-दोन दिवस उशिरा. या दोन तारखांच्या मधल्या सव्वादोन महिन्यांत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन लागतच नाही, ही समजूत आपल्या जिल्ह्यात खरी ठरत नाही. परक्या सूर्याच्या चित्रात ही गोष्ट कधीच दिसणार नाही.

म्हणून आम्ही 'सूर्य' नावाचे छोटे अवजार केले. त्यात जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांच्या गावांचे अक्षांश-रेखांश भरून ठेवले आहेत. काम उघडताच ते आधी गाव विचारते, मग तारीख आणि वेळ. गाव दिल्याशिवाय ते सूर्य लावतच नाही. घड्याळातला फरकही ते धरते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे आणि परभणी त्याच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे आपली खरी दुपार बाराला न होता सरासरीने बारा वाजून २३ मिनिटांनी होते. ऋतूप्रमाणे त्यातही काही मिनिटे मागेपुढे होतात. पंचांग पाहणाऱ्यांना हे नवीन नाही. गावागणिक सूर्योदयाची वेळ बदलते, हे ते जाणतातच.

या अवजाराचा उपयोग छज्जा ठरवताना फार होतो. दक्षिणेला चार फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्या माथ्यालगत दोन फुटांचा छज्जा आहे, असे समजा. मार्चच्या २१ तारखेला माध्यान्ही त्या छज्ज्याची सावली साडेपाच फुटांहून खाली उतरते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. २१ डिसेंबरला तीच सावली दोन फुटांच्या किंचित खाली येते आणि उरलेल्या अर्ध्या खिडकीतून थंडीतले हवेहवेसे ऊन आत येते. तोच दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर मात्र हतबल असतो. मे महिन्यात दुपारी चार वाजता तो वरचा जेमतेम दीड फूट झाकतो, पाच वाजता एक फूटसुद्धा नाही. हे आकडे सांगून मालकाला पटत नाही. पण मे महिन्यातली चार वाजताची आणि पाच वाजताची दोन चित्रे शेजारी ठेवली की तो स्वतःच म्हणतो, "इथं खिडकी नको, किंवा मग बाहेर कडुनिंब लावू."

कडुनिंब विकत मिळत नाही

चित्रात कडुनिंब दाखवायचा म्हटले की पुढची अडचण उभी राहते. चित्रांसाठी तयार झाडांचे, माणसांचे, गाड्यांचे संग्रह विकत मिळतात. त्यात मेपल असते, ओक असतो, बर्च असतो. माणसे कोट घालून हातात कॉफीचा पेला धरलेली. ही सगळी मंडळी मानवत किंवा सेलूच्या घरापुढे आणून उभी केली की घरच परके वाटू लागते. मालकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण चित्र आपले वाटत नाही.

आम्ही हळूहळू आपला संग्रह जमवला. कडुनिंब, चिंच, गुलमोहर, बाभूळ, अंगणातली तुळस, कुंपणाची मेंदी. नऊवारीतल्या मावशी, धोतर-टोपीतले आजोबा, शाळेचे दप्तर घेतलेली मुलगी. गच्चीवरची काळी टाकी, सौर बंब आणि वाळवणाची खाट. मग ही झाडे चित्रात पेरणारे अवजार लिहिले. 'पेरणी' असेच त्याचे नाव आहे. एकच कडुनिंब दहा वेळा ठेवला तर डोळ्याला लगेच कळते. म्हणून 'पेरणी' प्रत्येक झाड थोडे फिरवते, थोडे लहान-मोठे करते. एका चांगल्या झाडात लाखो बारीक तुकडे असतात. चाळीस झाडांचे तुकडे साठवायचे म्हटले तर संगणकाची स्मरणशक्ती अपुरी पडते. त्यावर उपाय म्हणून झाड एकदाच साठवायचे आणि बाकी ठिकाणी 'इथे तेच झाड समजा' एवढीच नोंद करायची. 'पेरणी'चे बरेचसे काम म्हणजे ही नोंद ठेवणे.

शिवाय 'पेरणी' महिना विचारते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ दाखवते, उन्हाळ्यात गुलमोहर फुलवते. शेतातले घर असेल आणि महिना नोव्हेंबर असेल तर मागे कापूस फुटलेला दिसतो. चित्र सुंदर करायला हे आहेच. पण पानगळीच्या दिवसांत दारापुढच्या झाडाची सावली किती विरळ होते, हेही मालकाला आधी कळते.

पाट्यांचेही असेच. दुकानांच्या संकुलाचे चित्र काढायचे तर पाट्या मराठीत हव्यात. राज्यात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून लहान दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली आहे. पण अनेक थ्रीडी सॉफ्टवेअरना जोडाक्षरे जमत नाहीत. 'किराणा' लिहिले की पहिली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसते आणि 'वस्त्र' लिहिले की 'त्र' मोडून पडते. देवनागरी जुळवणारा एक छोटा दुवा आम्ही केला. तो मजकूर आधी नीट जुळवून घेतो, अक्षरांच्या कडा काढतो आणि मग त्यांना जाडी देऊन पाटीवर बसवतो. हे अवजार जेमतेम शंभर ओळींचे असेल. पण आपल्या दुकानाचे नाव चित्रात शुद्ध दिसले की दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे समाधान येते, ते बघण्यासारखे असते.

रातपाळी

आमचे सर्वांत जुने अवजार मात्र विजेपायी जन्माला आले. मराठवाड्यातले भारनियमनाचे दिवस आपण विसरला नसाल. रात्रभर चालणाऱ्या हिशेबाच्या मध्ये वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी तरी किती वेळ पुरणार? मोठे सॉफ्टवेअर ज्या देशात लिहिले जाते, तिथे लिहिणाऱ्याच्या मनात ही काळजी फारशी येत नाही.

'रातपाळी' हे अवजार मोठ्या चित्राच्या आडव्या पट्ट्या करते. एक पट्टी पूर्ण झाली की ती जपून ठेवते आणि वहीत नोंद करते. वीज गेली आणि परत आली की संगणक आपोआप सुरू होतो, 'रातपाळी' वही उघडते आणि राहिलेल्या पट्टीपासून पुढे काम लावते. संगणक पाच झाले तेव्हा त्यात वाटणीची सोय केली. कोणता संगणक रिकामा आहे ते बघून 'रातपाळी' त्याला पुढचे चित्र देते. मघाशी सांगितलेले २५० तासांचे काम पाच यंत्रांवर ५० तासांत उरकते. आता वीज बरीच सुधारली आहे, तरी पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडतेच. त्यामुळे 'रातपाळी' अजून नोकरीवर आहे.

घरगुती अवजाराला कमी लेखू नये, असे मला वाटते. आज जगभर वापरली जाणारी काही सॉफ्टवेअर अशाच लहान जागी सुरू झाली. बल्गेरियातल्या सोफिया शहरात १९९७ साली एक लहानशी कंपनी निघाली. तिच्या मोजक्या माणसांनी लिहिलेले व्ही-रे हे सॉफ्टवेअर २००२ साली बाजारात आले. पुढे २०१७ साली ऑस्कर देणाऱ्या संस्थेने ते लिहिणारे व्लादिमिर कोयलाझोव्ह यांना तांत्रिक पुरस्कार दिला. प्रागच्या तंत्रविद्यापीठात ओंद्रेय कार्लिक या विद्यार्थ्याने २००९ साली प्रकल्प म्हणून सुरू केलेले कोरोना हे सॉफ्टवेअरही असेच. तेही आता जगभर चालते. फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने तर विमाने आखण्याचे सॉफ्टवेअर इमारतींसाठी राबवून बिल्बाओचे प्रसिद्ध संग्रहालय उभे केले. ते १९९७ साली खुले झाले. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण मजेने म्हणतो. आमची अवजारे जगात जाणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. ती इथली कामे निभावतात, तेवढे पुरे.

चित्र म्हणजे वचन

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घराचे चित्र हे नुसते चित्र नसते. परभणीत, नांदेडला किंवा पुण्यात फ्लॅट घेणारा माणूस पुष्कळदा चित्र बघूनच पहिला हप्ता भरतो. त्यात कुणाची निवृत्तीची रक्कम असते, कुणी गावाकडची दोन एकर विकलेली असतात. आणि चित्राला खोटे बोलायला लावणे फार सोपे असते.

दोन युक्त्या सांगतो. पहिली कॅमेऱ्याची. ३५ मिलिमीटरच्या भिंगातून साधारण ५४ अंशांचा कोन दिसतो. भिंग १८ मिलिमीटरचे केले की तो कोन ९० अंशांचा होतो. मग दहा बाय बाराची खोली एखाद्या दिवाणखान्यासारखी लांबरुंद दिसू लागते. दुसरी युक्ती सामानाची. सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग शंभरला ८५ या प्रमाणात बारीक केला तर तो जेमतेम पाच फूट रुंद आणि साडेपाच फूट लांब उरतो. चित्रात तो पलंगच दिसतो, फक्त भोवती फिरायला भरपूर जागा दिसते. प्रत्यक्षात त्यावर उंच माणूस झोपला तर त्याचे पाय बाहेर येतील.

या दोन्ही युक्त्या अडवणारे अवजार आमच्याकडे आहे. त्याचे नाव 'पंच'. खेळातला पंच असतो, तसा. चित्र अंतिम करण्याआधी 'पंच' प्रत्येक सामानाचे माप मूळ संग्रहाशी ताडून बघतो. पलंग, सोफा, गाडी, जेवणाचे टेबल यांतले काही बारीक केलेले आढळले तर चित्र पुढे सरकत नाही. कॅमेऱ्याचा कोन ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर तो थांबवतो. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चार गोष्टी आपोआप छापतो: खोलीचे माप, भिंगाचे माप, उन्हाचे गाव आणि उन्हाची तारीख-वेळ. या ओळीला काही बिल्डर नाखूश असतात. ती काढून द्या म्हणतात. आम्ही देत नाही. त्यापायी काही कामे गेली आहेत, हे खरे आहे.

कायदाही आता याच बाजूचा आहे. २०१६चा स्थावर संपदा कायदा आणि त्याखालचे महारेरा प्राधिकरण महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे कामाला लागले. त्या कायद्याच्या १२व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या, चुकीच्या माहितीवर विसंबून ग्राहकाने पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. पण कायद्याकडे जायची वेळ येते तोवर माणसाची झोप उडालेली असते. त्यापेक्षा चित्र निघते तिथेच ते खरे निघावे, हे बरे.

अवजाराची निगा

असे अवजार करावे केव्हा आणि करू नये केव्हा, हेही सांगतो. आमचा नियम असा की तेच काम तीन वेळा हाताने करावे लागले तरच त्यासाठी अवजार लिहायचे. एकदाच लागणाऱ्या गोष्टीसाठी आठवडा घालवण्यात अर्थ नाही. दुसरे, विकतचे चांगले आणि परवडणारे मिळत असेल तर घरी करायचे नाही. तिसरे म्हणजे निगा. मोठ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आपल्या अवजारातले काहीतरी हमखास अडते, ते सुधारावे लागते. आणि ज्याने लिहिले तो माणूस नोकरी सोडून गेला की अवजार मुके होते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक सूचनेशेजारी ती कशासाठी आहे ते साध्या मराठीत लिहून ठेवतात. पुढच्या माणसाला ते वाचून दुरुस्ती करता आली पाहिजे. जुन्या सुताराच्या हाताखाली पोरगा तयार होत असे, त्यातलाच हा प्रकार.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. चार शब्द लिहिले की ती मिनिटभरात देखणे घर काढून देते. आता तुमचे काय होणार, असे मला विचारतात. ही नवी सोय आम्हीही वापरतो. अवजारांच्या ओळी लिहायला ती चांगली मदत करते आणि जे काम आठवड्याचे होते ते दोन दिवसांवर येते. पण ती काढते ते चित्र कुठल्या तरी घराचे असते, आपल्या घराचे नसते. आपल्या भूखंडाची रुंदी तीस फूट आहे, शेजाऱ्याची भिंत चार फुटांवर आहे आणि मे महिन्यातले ऊन परभणीचे आहे, याची हमी अशा चित्रातून मिळत नाही. दिसायला ते जितके सुंदर, तितके ते तपासून घेण्याची गरज जास्त.

ही जबाबदारी चित्र काढणाऱ्याची आहे, तशी थोडी बघणाऱ्याचीही आहे. उद्या आपल्यापुढे नव्या घराचे किंवा फ्लॅटचे चित्र कुणी ठेवले, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. यातले ऊन कोणत्या गावाचे आणि कोणत्या महिन्यातल्या किती वाजताचे आहे? चित्र किती मिलिमीटरच्या भिंगाने घेतले आहे? आणि या खोलीतल्या पलंगाची लांबी-रुंदी किती धरली आहे? हे विचारायला शिक्षण लागत नाही, संगणक लागत नाही. उत्तर लगेच मिळाले तर चित्र काढणाऱ्याने आपले काम केले आहे असे समजा. मिळाले नाही तर पैसे भरण्याआधी स्वतः जागेवर जा. खिशात टेप असू द्या, आणि वेळ शक्यतो दुपारी चारची ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)